उत्कंठेचा शिल्पकार

भीती कोणाला वाटत नाही? परंतु आपल्या भीतीकडे बारकाईने पाहून तिच्यातून कला निर्माण करणारे विरळाच. चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हा असा एक कलावंत होता.

त्याचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनजवळील लेटनस्टोन येथे झाला. वडील भाजीपाल्याचे व्यापारी होते. आल्फ्रेड अबोल आणि भित्रा होता. तो लहान असताना वडिलांनी त्याच्या हाती एक चिठ्ठी देऊन त्याला पोलीस-ठाण्यावर पाठविले. चिठ्ठी वाचून अंमलदाराने त्याला काही मिनिटे कोठडीत कोंडले. खोडकर मुलांची अशीच गत होते, असे त्याला बजावण्यात आले. ही आठवण हिचकॉक वृद्धपणीही सांगत असे.

१९१४ साली पितृछत्र हरपले. आल्फ्रेडने विजेच्या तारा बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. परंतु मन चित्रकलेत रमे. मूकपटांत संवादांच्या पाट्या दाखवीत असत. त्या पाट्या सजविण्याचे काम त्याला लंडनमधील एका चित्रपट-संस्थेत मिळाले. तेथे पडेल ते काम शिकत तो दिग्दर्शक झाला.

१९२७ साली त्याचा 'द लॉजर' हा मूकपट प्रदर्शित झाला. माडीवरील संशयित भाडेकरूच्या येरझारा खालच्या माणसांना ऐकू येतात, असा त्यात प्रसंग होता. मूकपटात पावलांचा आवाज ऐकवावा कसा? हिचकॉकने जाड काचेची जमीन करविली, नटाला तिच्यावर चालविले आणि खालून चित्रण केले. आवाज नसतानाही प्रेक्षकांना पावले जणू ऐकू आली!

अचानक झालेल्या स्फोटाने माणूस क्षणभर दचकतो. पण मेजाखाली स्फोटक ठेवले आहे हे प्रेक्षकांना आधी कळले, तर मेजावरच्या साध्या गप्पाही त्यांचा जीव टांगणीला लावतात, असे त्याचे मत होते.

१९३९ साली तो अमेरिकेत गेला. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, त्याचा 'लाइफबोट' हा चित्रपट आला. जर्मन पाणबुडीने बुडविलेल्या जहाजातील काही माणसे एका लहान नावेत जीव मुठीत धरून बसली आहेत, एवढेच त्याचे कथानक. चित्रणासाठी कलागृहात पाण्याचा मोठा हौद केला होता. नटनटी दिवसेंदिवस भिजत, कुडकुडत काम करीत. नावेतील प्रसंगांना त्याने पार्श्वसंगीत दिले नाही. लाटांचा आवाज, धुके आणि तहानेने सुकलेले चेहरे, यांवरच त्याची भिस्त होती. सारे पाण्यासाठी तळमळत असताना नावेतील जर्मन खलाशाच्या चेहऱ्यावर घाम दिसतो आणि त्याने पाणी लपविले आहे, हे उघड होते. जे शब्दांनी सांगितले असते तर फिके वाटले असते, ते घामाच्या थेंबांनी सांगितले.

उत्कृष्ट दिग्दर्शनाच्या ऑस्कर पारितोषिकासाठी त्याचे नाव पाच वेळा पुढे आले. एकदाही ते त्याला लाभले नाही. तरीही त्याने आपला मार्ग सोडला नाही. २९ एप्रिल १९८० रोजी त्याचे निधन झाले.

कोठडीत कोंडलेल्या त्या भित्र्या मुलाने भीतीला पाठ दाखविली नाही. तिचा अभ्यास केला. म्हणूनच ती त्याची दासी झाली.