बांडगुळाचा हिशेब

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

माझा थोरला भाऊ पदवी घेऊन दोन वर्षे घरी आहे. गेल्या मे महिन्यात आलेल्या एका पाहुण्यांनी भर पंगतीत त्याला बांडगूळ म्हटले. दादा काही बोलला नाही, पण अर्ध्या ताटावरून उठला. आमच्या बांधावरच्या आंब्यावर खरोखरच बांडगूळ आहे आणि आप्पा ते दरवर्षी कोयत्याने छाटतात. म्हणून तो शब्द दादाला किती लागला असेल, हे मला कळले. माझा कानडी मित्र या झाडाला बदनिके म्हणतो. ही वनस्पती आहे तरी काय, हे शोधत मी ग्रंथालयात गेलो आणि तेथे मला सलीम अली भेटले.

पक्षितज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. त्या दिवसापासून पक्ष्यांचे वेड लागले ते कायमचे.

पण वेडावर पोट भरत नाही. कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले, तेव्हा ते शिक्षण सोडून ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात गेले. १९१७ साली परतल्यावर त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकले. हे वाचून आम्हा कॉमर्सच्या मुलांना थोडा अभिमान वाटायला हरकत नाही! त्याच काळात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे तासही त्यांनी केले. मात्र विद्यापीठाची पदवी नसल्याने पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यातील नोकरी हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून जागा मिळाली. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! वय चौतिसाच्या घरात, पत्नी तेहमिना सोबत आणि हाताला काम नाही.

मुंबईत राहणे परवडेना, म्हणून दोघे अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिच्यासमोर तासन् तास बसून त्यांनी सुगरणीच्या संसाराची टिपणे केली आणि १९३१ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्यांचा आणखी एक लेख आला. कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचा या चिमुकल्या पक्ष्यांचा वाटा काय, हा त्याचा विषय.

बांडगुळाची पाने हिरवी असतात. आपले अन्न ते स्वतः तयार करते. पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाच्या फांदीत मुळासारखा अवयव घुसवून शोषून घेते. त्याच्या लांबट नळीसारख्या फुलांत मध असतो. पिकलेल्या कळीवर पक्ष्याच्या चोचीचा दाब पडला की ती उघडते आणि परागकण पक्ष्याच्या कपाळाला लागतात. तो दुसऱ्या फुलावर गेला की परागीभवन झाले. पुढे फळे पिकतात. फुलटोचा ती अख्खी गिळतो. बीभोवतीचा चिकट थर पोटातही पुरता जिरत नाही. थोड्याच वेळात बी बाहेर पडते, ते पक्ष्याच्या अंगाला चिकटून राहते. ते सोडविण्यासाठी तो फांदीवर अंग घासतो आणि बी नेमके सालीवर लागते. मातीत पडलेले बी वाया जाते. फांदीवर चिकटलेले रुजते. शेकडो जातींच्या झाडांवर हे बांडगूळ वाढू शकते ते याच बळावर.

मी जमाखर्चाच्या भाषेत विचार केला. आंब्याच्या खात्यावर नावेच जास्त, यात शंका नाही. बांडगूळ माजले की फांदी वाळते आणि फळ कमी धरते. आप्पांचा कोयता चुकीचा नाही. पण पक्ष्यांच्या खात्यात पाहिले, तर मध आणि फळे जमा आहेत, आणि त्याची मजुरी त्यांनी चोख फेडलेली आहे. एकच खाते पाहून सगळा ताळेबंद कळत नाही.

सलीम अलींचेही तसेच झाले. बेकारीतल्या त्या टिपणांनी त्यांना पक्षिशास्त्रात नाव मिळवून दिले. पुढे त्यांनी संस्थानांच्या पक्षी-पाहण्या केल्या, हैदराबादची त्यांतलीच. फी नको, फक्त खर्च द्या, अशी त्यांची अट असे. तेहमिना रानावनात त्यांच्याबरोबर हिंडत. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या, तरी काम थांबले नाही. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक १९४१ साली आले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ साली पुरा झाला. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते मुंबईत निवर्तले.

या थंडीत मी आणि दादा बांधावरच्या आंब्याखाली उभे राहिलो. फुलटोचा आधी दादालाच दिसला. फांदीवर ओळीने चिकटलेल्या बियाही त्यानेच मला दाखविल्या. आप्पांनी बांडगूळ छाटलेच, आणि ते योग्यच होते.

मित्रहो, वर्षअखेर होण्याआधी आपण कुठल्याही खात्याची शिल्लक काढत नाही. माणसाला बांडगूळ म्हणण्यापूर्वी एवढे तरी थांबायला हवे. पाहुणे पुन्हा आले, तर मी त्यांना हे सांगणार आहे.