घटक ४ : महर्षी धोंडो केशव कर्वे – एका शिक्षकाची वाटचाल

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस

• महर्षी कर्वे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्यांच्या विद्यार्थिदशेतील अडचणी आणि पुढील शैक्षणिक कार्य यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• शिक्षकाने लिहिलेले आत्मचरित्र या दृष्टीने ‘आत्मवृत्त’ या ग्रंथाचे महत्त्व विशद करता येईल.
• त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यातील मर्यादांचाही विचार करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालेली वाट कुंभार्ली घाटाने सह्याद्री चढते. आपल्यापैकी चिपळूण परिसरात राहणाऱ्यांनी या घाटातून अनेकदा प्रवास केला असेल. आज एस.टी.ने काही तासांत आपण कोकणातून साताऱ्यास पोहोचतो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मात्र दापोली तालुक्यातील मुरूड गावचा एक मुलगा आपल्या सोबत्यांसह हा घाट पायी चढून साताऱ्यास गेला होता. त्याला तेथे एका परीक्षेस बसावयाचे होते. तो पोहोचला, परंतु त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही. हा मुलगा म्हणजेच पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे होत.

कर्वे यांचे नाव आपण स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात ऐकलेले असते. प्रस्तुत घटकात त्यांच्याकडे आपण आणखी एका दृष्टीने पाहणार आहोत. उशिरा शिकलेला विद्यार्थी, आयुष्यभर शिकवणारा शिक्षक आणि आपले अनुभव इतरांस मोकळेपणाने सांगणारा सहकारी, अशी त्यांची ओळख आपण करून घेऊ. नोकरी व संसार सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्या आपणांस, आणि विशेषतः आपल्यापैकी जे स्वतः शिक्षक आहेत त्यांना, हे चरित्र जवळचे वाटेल.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बालपण आणि साताऱ्याची पायपीट

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात शेरवली या आजोळच्या गावी झाला. वडिलांचे नाव केशवपंत व आईचे नाव लक्ष्मीबाई. घराणे एके काळी संपन्न होते, पण कर्वे यांच्या जन्माच्या वेळी घरची स्थिती बेताचीच होती. त्यांचे बालपण मुरूड येथे गेले. गावातील सोमण गुरुजींचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. शिक्षकाचे काम शाळेच्या चार भिंतींत संपत नाही, गावाच्या हिताची चिंता हाही त्याच्या कामाचा भाग आहे, ही जाणीव त्यांना या गुरुजींच्या सहवासात लाभली.

त्या काळी मराठी सहावी इयत्तेची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा होत असे. प्राथमिक शिक्षकाची नोकरीही त्यामुळे मिळू शके. परीक्षेची केंद्रे थोडी होती. पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद असल्याने मुंबईस जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून कर्वे व त्यांचे सोबती साताऱ्याकडे निघाले. हे अंतर शंभर मैलांहून अधिक होते. पावसात, घाटवाटेने, कित्येक दिवस चालून ही मुले साताऱ्यास पोहोचली. परीक्षेस बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. कर्वे यांनी ती पूर्ण केली होती, पण त्यांची अंगकाठी लहानखुरी होती. परीक्षा घेणाऱ्यांना त्यांचे वय खरे वाटले नाही आणि त्यांना परत पाठविण्यात आले.

या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहावे. येथे विद्यार्थ्याचा काहीही दोष नव्हता. अभ्यास झाला होता, वय भरले होते, वाटही पायांनी संपविली होती. तरीही हाती काही आले नाही. आलेल्या वाटेनेच परतावे लागले. पुढे कोल्हापूर केंद्रावरून कर्वे ही परीक्षा उत्तीर्ण झाले. साताऱ्याच्या प्रसंगाचा त्यांनी कडवटपणाने उच्चार केला नाही, पण तो ते विसरलेही नाहीत. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी तो सविस्तर नोंदविला. शिक्षणाच्या दारापर्यंत येऊन परत फिरावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना लहानपणीच कळले होते.

४.२.२ संसारी विद्यार्थी

तत्कालीन प्रथेप्रमाणे कर्वे यांचा विवाह लहान वयातच राधाबाईंशी झाला होता. त्यामुळे इंग्रजी शिक्षणास त्यांनी आरंभ केला तेव्हा ते संसारी होते. मुरूड, रत्नागिरी आणि नंतर मुंबई असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. मुंबईत रॉबर्ट मनी स्कूलमधून १८८१ साली ते मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. त्यानंतर विल्सन व एल्फिन्स्टन या महाविद्यालयांत शिकून १८८४ साली गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. या साऱ्या काळात शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला.

आपल्यापैकी अनेकांना आपले शिक्षण उशिरा होत असल्याची खंत वाटते. कर्वे यांच्या चरित्रातील हे आकडे त्यांनी लक्षात ठेवावेत. १८८२ साली त्यांचा ज्येष्ठ पुत्र रघुनाथ याचा जन्म झाला, म्हणजे महाविद्यालयात शिकत असतानाच ते पिता झाले होते. शिकणे, कमावणे आणि कुटुंब सांभाळणे ही तिन्ही कामे त्यांना एकाच वेळी करावी लागली. पदवीनंतर मुंबईत निरनिराळ्या शाळांत, त्यांत मुलींच्या शाळाही होत्या, त्यांनी अध्यापन केले. मिळकतीतील ठरावीक भाग गावाच्या हितासाठी बाजूला काढण्याची सवयही त्यांनी याच काळात लावून घेतली. त्यातून मुरूड फंड उभा राहिला.

४.२.३ फर्ग्युसन महाविद्यालय आणि पुनर्विवाह

१८९१ हे वर्ष कर्वे यांच्या आयुष्यात दुःख आणि संधी अशी दोन्ही घेऊन आले. राधाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी १९१४ पर्यंत अध्यापन केले.

विधुर झालेल्या पुरुषाने अल्पवयीन कुमारिकेशी विवाह करावा, ही त्या काळची रीत होती. कर्वे यांनी ती नाकारली. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी असून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे बाया कर्वे या नावाने परिचित झाल्या.

या विवाहाची किंमत कर्वे यांना मुरूडमध्ये मोजावी लागली. गावाने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी त्यांनी पैपैसा साठविला होता, त्याच गावात आईला आपल्या मुलाशी मोकळेपणाने संबंध ठेवणे कठीण झाले. कर्वे यांचा स्वभाव भिडस्त होता. भांडण करणे वा सभा गाजविणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. मात्र केलेली गोष्ट त्यांनी मागे घेतली नाही आणि गावाशी वैरही धरले नाही. त्याच वर्षी पुनर्विवाहास उत्तेजन देण्यासाठी त्यांनी एक मंडळी स्थापन केली.

४.२.४ हिंगण्याची झोपडी

पुनर्विवाहाचे कार्य करताना कर्वे यांच्या लक्षात आले की, सर्वच विधवांना पुनर्विवाह करावयाचा नसतो वा तो करता येत नाही. स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची गरज मात्र सर्वांनाच असते आणि त्याचा मार्ग शिक्षण हा आहे. या विचारातून १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. पुण्यात प्लेगची साथ आल्यावर आश्रम शहराबाहेर नेण्याचे ठरले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे जागा दिली आणि १९०० साली तेथे एक साधी झोपडी उभी राहिली.

हिंगणे शहरापासून सुमारे चार मैलांवर होते. महाविद्यालयातील तास संपवून कर्वे रोज संध्याकाळी पायी हिंगण्यास जात, तेथे शिकवीत, आश्रमाला लागणारे सामान स्वतः वाहून नेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा महाविद्यालयात हजर होत. साताऱ्याच्या वाटेवर चालणारा मुलगा प्राध्यापक झाल्यावरही चालतच होता. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या. त्या आश्रमात आल्या आणि त्याच्या आधारस्तंभ बनल्या. १९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले. सेवाभावाने काम करणारे कार्यकर्ते तयार व्हावेत म्हणून १९०८ साली निष्काम कर्ममठाची स्थापना झाली.

४.२.५ आत्मवृत्त : सहकाऱ्यांशी साधलेला संवाद

१९१५ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, कर्वे यांनी ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध केले. मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासात या ग्रंथाची दखल घेणे आवश्यक आहे. आपली विद्वत्ता दाखविणे किंवा विरोधकांना उत्तर देणे हा त्यामागील हेतू नव्हता. एक शिक्षक आपल्याच मार्गाने येणाऱ्यांना आपली हकीकत सांगत आहे, असे या लेखनाचे स्वरूप आहे. घरची गरिबी, परीक्षेतील अडथळे, स्वभावातील संकोच, पैशांचे हिशेब या गोष्टी त्यांनी लपविल्या नाहीत. भाषा साधी आहे. अलंकारांचा सोस नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. स्वतःच्या उणिवा सांगितल्याने शिक्षकाचा मान कमी होतो काय? कर्वे यांच्या लेखनातून मिळणारे उत्तर वेगळे आहे. थोर पुरुषाचे केवळ यश ऐकून सामान्य माणूस दिपून जातो आणि हे आपल्याला जमणार नाही असे मानून बाजूला होतो. त्या पुरुषालाही भीती वाटली होती, त्यालाही परत पाठविले गेले होते, हे कळल्यावर त्याला धीर येतो. कर्वे यांनी दिलेले उत्तेजन असे होते. ते उपदेशातून आले नाही, हकीकतीतून आले.

या ग्रंथासोबत आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथनही वाचावे. पतीने संस्थेला वाहून घेतल्यावर घर चालविणाऱ्या स्त्रीला काय सोसावे लागले, याची दुसरी बाजू त्यात दिसते. एकाच संसाराची ही दोन कथने आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासासाठी मोलाची आहेत.

४.२.६ महिला विद्यापीठ आणि उत्तरायुष्य

‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झाले तेव्हा कर्वे यांचे सर्वांत मोठे कार्य अद्याप व्हावयाचे होते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांच्या मनात तशाच संस्थेची कल्पना आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष या नात्याने त्यांनी ती मांडली आणि १९१६ साली भारतातील पहिल्या महिला विद्यापीठाची स्थापना झाली. आरंभी महाविद्यालयात केवळ ५ विद्यार्थिनी होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले.

मराठीचे विद्यार्थी म्हणून आपण एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. या विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून मातृभाषेचा स्वीकार केला. इंग्रजी हा विषय ठेवला, परंतु ज्ञान मातृभाषेतून देण्याचे ठरविले. त्या काळात हा निर्णय धाडसाचा होता.

सत्तरी ओलांडल्यानंतर कर्वे यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे प्रवास करून विद्यापीठासाठी निधी गोळा केला. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले आणि १९४४ साली समता संघ सुरू केला. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण होत असताना, भारतरत्न देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षात, त्यांचे पुण्यात निधन झाले.

४.२.७ मूल्यमापन

कर्वे यांच्या कार्यावर त्यांच्या काळातही आक्षेप घेतले गेले. आश्रमाला समाजाचा पाठिंबा मिळावा म्हणून त्यांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ एकमेकांपासून वेगळ्या ठेवल्या. काही सुधारकांना ही माघार वाटली. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम असावा, या त्यांच्या भूमिकेसही विरोध झाला. स्त्रीचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने घर आहे, हे गृहीतक त्यामागे होते, हे आज आपण मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर, ज्या स्त्रियांना कोणतेच दार उघडे नव्हते त्यांच्यासाठी हे दार उघडले गेले, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही बाजू लक्षात घेऊनच विद्यार्थ्यांनी आपले मत बनवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) साताऱ्यास कर्वे यांना परीक्षेस का बसू दिले गेले नाही?
२) कर्वे मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचे वय किती होते?
३) अनाथ बालिकाश्रम हिंगणे येथे कोणत्या वर्षी गेला?

४.३ सारांश

कोकणातील एका सामान्य कुटुंबात जन्मलेले कर्वे अडचणींतून व उशिरा शिकले. विद्यार्थी म्हणून सोसलेला नकार त्यांनी लक्षात ठेवला आणि ज्यांना समाजाने शिक्षणापासून दूर ठेवले होते अशा स्त्रियांसाठी आश्रम, विद्यालय व विद्यापीठ उभारले. ‘आत्मवृत्त’मध्ये त्यांनी आपल्या उणिवांसह आपली हकीकत सांगितली. हे चरित्र अभ्यासून झाल्यावर आपणही आपल्या शिक्षणाचा एखादा खडतर प्रसंग एक-दोन पानांत लिहून काढावा. आपण शिक्षक असाल, तर तो आपल्या सहकाऱ्यांना वा विद्यार्थ्यांना वाचून दाखवावा. शिक्षण अर्धवट सोडण्याच्या विचारात असलेला कोणी तरी तो ऐकत असेल.

४.४ कठीण शब्दांचे अर्थ

भिडस्त – संकोची
अंगकाठी – शरीराची ठेवण
विधुर – पत्नी निवर्तलेला पुरुष
बहिष्कार – समाजव्यवहारातून वगळणे
गृहीतक – आधीच धरून चाललेली गोष्ट

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१) लहानखुऱ्या अंगकाठीमुळे त्यांचे वय सतरा वर्षे असल्याचे परीक्षा घेणाऱ्यांना खरे वाटले नाही.
२) २३ वर्षे.
३) १९०० साली.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) कर्वे यांच्या विद्यार्थिदशेतील अनुभवांचा त्यांच्या पुढील कार्याशी असलेला संबंध सोदाहरण स्पष्ट करा.
२) शिक्षकाचे आत्मकथन म्हणून ‘आत्मवृत्त’ या ग्रंथाचे वेगळेपण विशद करा.
३) टीप लिहा : महिला विद्यापीठ आणि मातृभाषेचे माध्यम.