विद्येचे छत्र : तंजावरचे सरफोजीराजे भोसले

तंजावरहून कुंभकोणमकडे निघाले की कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतांमधून जाणारा रस्ता पापनाशमला पोहोचतो. तेथील शिवमंदिराच्या आवारात नायक राजवटीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. या मुलखाची खरी श्रीमंती अशा कोठारांत साठत असे. कावेरीच्या पाण्यावर पिकणारे हे धान्य कोणाच्या मुखी पडावे, आणि पोटाबरोबर बुद्धीलाही काही मिळावे की नाही, याचा विचार ज्या राजाने अखेरपर्यंत केला, ते सरफोजीराजे भोसले. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजी यांनी स्थापिलेल्या तंजावरच्या मराठी राज्याचे ते वारस होते.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. तुळजाराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. गादी मात्र अमरसिंहाकडे गेली. दहा वर्षांचा वारस वाड्यातच नजरकैदेत पडला आणि त्याच्या शिक्षणाची कोणी व्यवस्था केली नाही. ज्याने पुढे इतक्यांना शिकवले, त्याच्या वाट्याला आरंभी अक्षरओळखीची वानवा यावी, ही गोष्ट त्यांच्या चरित्राकडे पाहताना विसरता येत नाही. तुळजाराजांनी ज्यांच्यावर मुलाची जबाबदारी सोपवली होती, ते जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ अखेर त्यांच्या मदतीला धावले. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले. तेथे गेरिके यांच्या हाताखाली त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले, युरोपातील शास्त्रांची गोडी लागली. तरीही सरफोजी आपल्या धर्मात आणि आपल्या भाषेत घट्ट राहिले. गुरूचे ऋण त्यांनी कन्नंदनगुडी येथे ५० गरीब ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाची व पालनपोषणाची सोय करून फेडले. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेणारेही तेच.

१७९८ साली ते गादीवर आले खरे, पण ते राजेपण फार टिकणारे नव्हते. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडांची नेमणूक आणि महसुलातील पाचवा हिस्सा. वय अवघे बावीस वर्षांचे. अशा प्रसंगी अनेक राजांनी शिकारीत आणि नाचगाण्यात उरलेले आयुष्य काढले. सरफोजींनी कंपनीकडे मागितले ते वेगळेच.

रामेश्वरच्या यात्रामार्गावर त्यांच्या पूर्वजांनी छत्रे उभारली होती. १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिन यांना पाठवलेल्या पत्रात राजांनी या छत्रांचे काम तपशीलवार मांडले आणि ती आपल्या हाती राहू द्यावीत, असा आग्रह धरला. ब्राह्मणापासून परैयापर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला तेथे अन्न मिळे. आजाऱ्यांसाठी वैद्य असत, बाळंतिणींची देखभाल होई. चारही वेदांचे अध्यापक आणि एक पंतोजी तेथे नेमलेले असत. वाटेत आईबाप गमावलेली परक्या मुलखातील मुले या पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, ठरावीक दिवशी तेलाचे अभ्यंग, वस्त्र आणि औषध मिळे. पुढे ज्या विद्येची आवड असेल ती मुलाने शिकावी आणि ती अवगत झाल्यावर त्याच्या लग्नाचा खर्चही छत्राने करावा, अशी रीत होती. अनाथ मुलाची आवड विचारण्याची पद्धत सव्वादोनशे वर्षांपूर्वी होती, हे आजच्या पालकांनीही ध्यानात घ्यावे असे आहे. कंपनीने राजांची ही मागणी मान्य केली.

लगेच १८०२ च्या सुमारास राजांनी नवे काम हाती घेतले. त्यांची जिवलग मुक्तांबाळ अकाली वारली होती. आपल्या नावाने अन्नछत्र व्हावे, अशी इच्छा तिने अंतकाळी बोलून दाखवल्याचे सांगतात. तंजावरच्या दक्षिणेला पट्टुकोट्टईच्या वाटेवर ओरत्तनाडू येथे तिच्या स्मरणार्थ छत्र उभे राहिले आणि त्याच्याभोवती वसलेल्या गावाला मुक्तांबाळपुरम हे नाव मिळाले. छत्राच्या दर्शनी भागात दगडात कोरलेले हत्ती आणि घोडे आहेत. आतली योजना त्या शिल्पाहून देखणी होती. मधोमध मोठे चौक, भोवती पडव्या, मुदपाकखाना, राहण्याच्या खोल्या, दवाखाना आणि शाळा. वेदशास्त्रे, मराठी, तमिळ, तेलुगू, फारसी आणि इंग्रजी यांचे वर्ग सकाळ-संध्याकाळ भरत. शेकडो मुले शिकत. त्यांत छत्रात राहणारी असत, तशी आसपासच्या गावांतून येणारीही असत. छत्राला जोडून दिलेल्या गावांचे उत्पन्न या साऱ्याला पुरे. हिशेब मोडीत लिहिले जात.

न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यात १९२९ साली क्लॅरेन्स पेरी यांनी नवी वस्ती रचताना शाळा मध्यभागी ठेवावी आणि मुलांना ती पायी गाठता यावी, असा विचार मांडला, तेव्हा जगभरच्या नगररचनाकारांनी त्याची दखल घेतली. मुक्तांबाळपुरमच्या मागे असा लिखित सिद्धांत नव्हता. तेथे भूक, आजार आणि अज्ञान या तिन्ही गोष्टी एकाच घराच्या दारात येतात, एवढे एका राजाने ओळखले होते. शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, स्वयंपाकघर वेगळे, अशी विभागणी त्यामुळे त्यांनी केलीच नाही.

तंजावरच्या किल्ल्यात नवविद्या कलानिधी शाळा होती. तेथे जुन्या शास्त्रांबरोबर नव्या विद्याही शिकवल्या जात. शिकवायचे तर पुस्तके हवीत, म्हणून राजांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. महाराष्ट्रात छापखाने रुजण्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, इसापच्या गोष्टींचे मराठी रूप असलेली ‘बालबोधमुक्तावली’ तेथून बाहेर पडली. भूगोलासाठी तर त्यांनी नाटकाचाच आश्रय घेतला. दक्षिणेत लोकप्रिय असलेल्या कुरवंजी या नाट्यप्रकारात भविष्य सांगणारी डोंगरातली स्त्री देशोदेशीच्या गोष्टी सांगते. राजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त ती मराठीतून पृथ्वीवरील खंडांचे आणि देशांचे वर्णन करते. पाठांतराचा कंटाळा आलेल्या मुलांना ही भूगोलाची बाई किती आवडली असेल, याची कल्पना शिक्षकांना सहज येईल.

या साऱ्यात त्या काळाच्या मर्यादाही होत्या. छत्रात सर्वांना अन्न मिळे, पण जातींची उतरंड छत्राच्या दारात पुसली जात नव्हती. शाळाही राजाच्या दानावर अवलंबून होत्या. राजा गेला, गादी गेली, तर त्यांचे काय, या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हते.

उत्तरायुष्यात सरफोजींनी काशीयात्रा केली आणि सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढवला. ७ मार्च १८३२ रोजी ते निवर्तले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रसंतानाविना वारले आणि तंजावरची गादी खालसा झाली. छत्रांची व्यवस्था सरकारकडे गेली. वेदांचे वर्ग सरले, फारसीचे पंतोजी गेले. ओरत्तनाडूची वास्तू मात्र ओस पडली नाही. पुढच्या काळातही तिच्या चौकांत विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली, आणि त्या दगडी हत्ती-घोड्यांसमोरून मुले दप्तर घेऊन जात-येत राहिली.