मोत्यांचे व्यापारी, मायाळू पिता : दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्या पूर्वसूरींचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे, त्यांत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी, जे. पी. यांचे नाव अग्रभागी येते. शेठजी दानशूर होते हे सर्वज्ञात आहे. परंतु एक पिता म्हणून ते कसे होते, हे नव्या पिढीच्या कानावर फारसे आलेले नाही. मी स्वतः कापडाचा व्यापारी आणि मुलींचा बाप आहे. म्हणून त्यांच्या चरित्राची ही बाजू मला विशेष जवळची वाटते.

शेठजींचा जन्म 1851 साली सुरत येथे झाला. वडील हिराचंद गुमानजी यांची परिस्थिती बेताची होती. पुढे हे कुटुंब मुंबईस आले. मोतीचंद, पानाचंद, माणिकचंद आणि नवलचंद या चौघा बंधूंनी मोत्यांच्या धंद्यातील अगदी खालच्या पायरीपासून काम शिकून घेतले. त्या काळी इराणी आखातातील मोती मुंबईच्या बाजारात येत, येथे चाळणीने त्यांची प्रतवारी होई आणि मग ते युरोपपर्यंत जात. हा धंदा नजरेचा आणि विश्वासाचा. एकदा शब्द गेला की पेढी गेली. बंधूंनी शब्द सांभाळला, एकोपा सांभाळला आणि ‘माणिकचंद पानाचंद’ ही पेढी नावारूपास आली.

लक्ष्मी घरात नांदू लागली असतानाच दैवाने घाला घातला. शेठजींची लाडकी कन्या मगनबाई हिला ऐन तारुण्यात, वयाची विशीही पूर्ण झाली नसताना, वैधव्य आले. पदरी लहान मुलगी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा तो काळ आपल्या आजी-पणजींच्या पिढीने भोगलेला आहे. घराचा एक अंधारा कोपरा, व्रत-उपवास आणि मूक अश्रू एवढेच विधवेच्या वाट्याला येत असे. श्रीमंताच्या घरी अन्नवस्त्राला तोटा नसे, पण कोपरा मात्र चुकत नसे.

शेठजींनी मुलीला त्या कोपऱ्यात बसू दिले नाही. समाज काय म्हणेल, हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहिला असेलच. शिवाय ते समाजाचे पुढारी, म्हणजे बोलणाऱ्यांची तोंडे अधिक! तरीही त्यांनी मुलीच्या हाती पुस्तक दिले. तिला संस्कृत आणि धर्मशास्त्र शिकविण्याची सोय केली, यात्रेत आणि सभांत बरोबर नेले, सार्वजनिक कामात तिचा सल्ला घेतला. दुःख हलके करण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे दुसऱ्याचे दुःख हलके करणे, हे त्यांनी उपदेशाने नव्हे तर कृतीने तिला दाखविले.

त्या बीजाचा वटवृक्ष झाला. मगनबाईंनी ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाई यांच्या सहकार्याने श्राविकांच्या शिक्षणास वाहून घेतले. मुंबईच्या श्राविकाश्रमात अनेक विधवा व निराधार भगिनी शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. समाजाने मगनबाईंना ‘जैन महिलारत्न’ म्हणून गौरविले. 1930 साली त्यांचे देहावसान झाले, तोवर त्यांचे कार्य अखंड चालू होते.

शेठजींच्या दानालाही व्यापाऱ्याची शिस्त होती. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला त्याचे फार कौतुक वाटते. क्षणिक वाहवा मिळविणारे दान त्यांनी केले नाही. ज्याचे उत्पन्न पुढे चालत राहील असे दान त्यांनी केले. ताडदेवच्या जुबिलीबागेसारखी मालमत्ता त्यांनी धर्मादायास दिली. मुंबईत परगावच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले, यात्रेकरूंसाठी सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा बांधली. तीर्थांच्या रक्षणासाठी 1902 साली भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीची स्थापना केली. आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींचा जानेवारी 1915 मध्ये सत्कार झाला तो याच हिराबागेत. ते पाहावयास मात्र शेठजी हयात नव्हते.

आपल्या भागावरही त्यांचे ऋण आहे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगला त्यांचे मोठे साहाय्य झाले. याच बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्था उभारून बहुजन समाजाची दारे शिक्षणाला खुली केली. एका जव्हेऱ्याचे दान कुठवर पोहोचले, याचा हा पुरावा होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईचे बोर्डिंग आणि हिराबाग यांना त्यांनी वडिलांचे नाव दिले, तर अहमदाबादच्या बोर्डिंगला पुतण्या प्रेमचंद याचे. 1914 साली शेठजी निवर्तले. त्यानंतर 1915 पासून पंडित नाथूराम प्रेमी यांच्या देखरेखीखाली माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला निघू लागली आणि प्राचीन ग्रंथ केवळ खर्चाच्या किमतीत जिज्ञासूंना मिळू लागले. त्या ग्रंथमालेला त्यांचे नाव दिले ते मागे राहिलेल्यांनी.

पुढे जपानचे कृत्रिम मोती बाजारात आले, जागतिक मंदी आली आणि खऱ्या मोत्यांचा तो व्यापार पार खालावला. ज्या धंद्याने लाखो दिले तो ओसरला, पण त्यातून उभे केलेले कार्य मात्र टिकले. आपण व्यापारी लोक दर दिवाळीला वहीपूजन करतो, नफा-तोट्याचा मेळ घालतो. शेठजींच्या वहीत सर्वांत मोठी जमा कोणती, असे मला कोणी विचारले तर मी मोत्यांचे नाव घेणार नाही, इमारतींचेही नाही. दुःखात बुडालेल्या लेकीला त्यांनी पुन्हा उभे केले, हीच ती जमा.

आपल्या ट्रस्टने पुढील पन्नास वर्षांत वास्तू अवश्य उभाराव्यात. परंतु आपल्या समाजातील एकही लेक आणि एकही सून शिक्षणावाचून वा आधारावाचून कोपऱ्यात बसणार नाही, हे प्रथम पाहावे. त्या थोर पित्याला तेच खरे अभिवादन ठरेल.

जय जिनेंद्र!