विश्लेषण : सत्तर-ऐंशी वर्षांची इटालियन मोटारसायकल घरच्या घरी दुरुस्त कशी होते? कोण होते कार्लो गुझी?

जुनी इटालियन मोटारसायकल म्हटली की दिसायला देखणी, आवाजाला भारदस्त, पण सांभाळायला कटकटीची, असा सर्वसाधारण समज आहे. काही गाड्यांबाबत तो खराही आहे. मात्र मोटो गुझी कंपनीच्या जुन्या एक सिलिंडरच्या गाड्या याला अपवाद ठरतात. सत्तर-ऐंशी वर्षे वयाच्या या गाड्या हौशी मालक आजही घरच्या गॅरेजमध्ये उघडतात, दुरुस्त करतात आणि रस्त्यावर चालवतात. यामागे कंपनीचे संस्थापक-अभियंता कार्लो गुझी यांनी शंभर वर्षांपूर्वी घेतलेले काही निर्णय आहेत. ते कोणते आणि का घेतले गेले, याविषयी…

मेकॅनिक ते अभियंता…

कार्लो गुझी यांचा जन्म ४ ऑगस्ट १८८९ रोजी मिलानमध्ये झाला. उत्तर इटलीतील कोमो सरोवराच्या काठी असलेल्या मांदेल्लो देल लारिओ या गावात कुटुंबाचे घर होते. वडिलांच्या निधनानंतर कार्लो यांचा मुक्काम तिथेच जास्त राहू लागला. गावातील एका लोहार-मेकॅनिकच्या दुकानात त्यांचा वेळ जात असे. त्या काळच्या मोटारसायकली सारख्या बंद पडत. चेन तुटणे, व्हॉल्व्ह जळणे, ऑइल संपल्याने इंजिन जाम होणे हे नित्याचे होते. बंद पडलेली गाडी उघडताना नेमका कुठे त्रास होतो, कुठे पाना पोहोचत नाही, हे गुझी यांनी हातानेच अनुभवले. पुढे स्वतःची गाडी आखताना हा अनुभव कामी आला.

तीन मित्रांचा बेत काय होता?

पहिल्या महायुद्धात गुझी इटालियन नौदलाच्या विमानदलात मेकॅनिक होते. तिथे त्यांची दोन वैमानिकांशी गट्टी जमली. जोर्जो पारोदी हे जेनोआ शहरातील जहाजमालकाचे पुत्र, तर जोव्हानी राव्हेल्ली हे युद्धापूर्वीच नाव कमावलेले मोटारसायकल शर्यतपटू. युद्ध संपल्यावर तिघांनी मिळून मोटारसायकल बनवायची, असे ठरले. गुझी गाडी आखणार, पारोदी पैसे उभे करणार आणि राव्हेल्ली ती शर्यतीत जिंकून दाखवणार, अशी विभागणी होती.

युद्ध संपले, पण ११ ऑगस्ट १९१९ रोजी राव्हेल्ली यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. उरलेल्या दोघांनी बेत मोडला नाही. वैमानिकांच्या गणवेशावरील पंख पसरलेला गरुड त्यांनी मित्राच्या स्मरणार्थ गाडीच्या टाकीवर लावला. मोटो गुझीच्या गाड्यांवर तो आजही आहे.

नावात गुझी, मग मालकी कोणाची?

पारोदी यांच्या वडिलांनी सुरुवातीला प्रयोगापुरते दीड-दोन हजार लिरा देण्याचे मान्य केले. पहिल्या गाडीवर जी. पी., म्हणजे गुझी-पारोदी, अशी अक्षरे होती. पण ती जोर्जो पारोदी यांच्या नावाची आद्याक्षरेही होती. गैरसमज नको म्हणून नाव बदलून मोटो गुझी करण्यात आले. १५ मार्च १९२१ रोजी कंपनीची रीतसर स्थापना झाली. कचेरी जेनोआत आणि कारखाना मांदेल्लोत होता.

आपले नाव लागलेल्या या कंपनीत गुझी सुरुवातीला भागधारक नव्हते. भांडवल पारोदी कुटुंबाचे होते आणि तयार होणाऱ्या प्रत्येक गाडीमागे गुझी यांना ठरावीक रक्कम मिळत असे. म्हणजे गाडी लोकांना परवडली, चालली आणि खपली, तरच त्यांची कमाई. गुंतागुंतीचे इंजिन बनवून कौतुक मिळवण्यापेक्षा साधे, टिकाऊ इंजिन बनवणे त्यांच्या फायद्याचेही होते.

पहिली गाडी बाजारात का आली नाही?

पहिल्या जी. पी. गाडीचे इंजिन त्या काळाच्या मानाने फार पुढचे होते. ५०० सीसीच्या एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट थेट डोक्यावर. अशी रचना तेव्हा विमानांच्या किंवा शर्यतीच्या इंजिनांत दिसे. पण ती बनवायला महाग आणि जुळवायला किचकट होती. ती बाजारात नेण्याचा हट्ट न धरता गुझी यांनी इंजिनाचा पाया तसाच ठेवून वरचा डोलारा उतरवला. चारऐवजी दोनच व्हॉल्व्ह ठेवले, एक बाजूला आणि एक वर. १९२१ मध्ये आलेल्या या गाडीचे नाव होते ‘नॉर्माले’. सुमारे आठ अश्वशक्तीच्या या गाडीची पहिल्या वर्षी केवळ १७ संख्येने निर्मिती झाली. त्याच वर्षी जिनो फिंझी यांनी याच गाडीवर सिसिलीतील तार्गा फ्लोरिओ शर्यत जिंकली आणि कंपनीचे नाव देशभर झाले.

आडव्या सिलिंडरचा फायदा काय?

आपल्याकडच्या जुन्या बुलेटचे सिलिंडर उभे असते. गुझी यांनी ते आडवे, पुढच्या चाकाकडे तोंड करून बसवले. त्यामुळे समोरचा वारा थेट सिलिंडर हेडवर येतो आणि सर्वात जास्त तापणारा भाग आधी थंड होतो. वजन खाली राहिल्याने गाडी वळणावर स्थिर राहते. दुरुस्तीच्या दृष्टीनेही याचा मोठा उपयोग होतो. हेडच्या पुढे मोकळी जागा असल्याने इंजिन चौकटीतून न उतरवताही हेड काढता येते.

दुसरा निर्णय मापाचा. जुन्या बुलेट ३५० मध्ये सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, ९० मिलिमीटर. त्या काळी बहुतेक इंजिने अशीच लांब धावेची असत. गुझी यांनी हे प्रमाण उलटे केले. व्यास ८८ आणि धाव ८२ मिलिमीटर. धाव कमी असल्याने त्याच फेऱ्यांना पिस्टनचा वेग कमी राहतो आणि झीज कमी होते. हेच माप १९२१ च्या नॉर्मालेपासून १९७० च्या दशकातील ‘नुओव्हो फाल्कोने’पर्यंत कायम राहिले.

फ्लायव्हील बाहेर का?

जुन्या गुझीच्या डाव्या बाजूला एक मोठे, चकचकीत चाक उघड्यावर फिरताना दिसते. खाटकाच्या दुकानातील मांसाचे काप करणाऱ्या यंत्रासारखे दिसत असल्याने त्याला तसेच टोपणनाव पडले. हे इंजिनाचे फ्लायव्हील. एक सिलिंडरच्या इंजिनाचे हिसके कमी करण्यासाठी वजनदार फ्लायव्हील लागते. ते आत ठेवले तर इंजिनाचा कोठा मोठा आणि जड होतो. बाहेर ठेवल्याने कोठा लहान आणि मजबूत झाला, तर चाक हवे तेवढे मोठे करता आले. इंजिन मंद गतीवरही न अडखळता चालते, याचे श्रेय या चाकालाच जाते.

गिअरबॉक्सही इंजिनाच्याच कोठ्यात बसवला गेला. इंजिनाची ताकद तिथपर्यंत नेण्यासाठी चेन न वापरता थेट दातेरी चाके वापरली. जुन्या बुलेटमध्ये गिअरबॉक्स वेगळा आणि मधली चेन सैल पडली की ताणावी लागे. गुझीत ते कामच उरले नाही.

शर्यतींनी काय सिद्ध केले?

शर्यतीसाठी गुझी यांनी महागडे प्रयोग केले. १९३५ मध्ये आयल ऑफ मॅन टीटी शर्यतीत स्टॅनली वूड्स यांनी मोटो गुझीवर २५० आणि ५०० सीसी अशा दोन्ही गटांत विजय मिळवला. १९५० च्या दशकात कारखान्यात पूर्ण आकाराची गाडी तपासता येईल असा वायुबोगदा उभारला गेला. जुलिओ चेझारे कार्कानो या अभियंत्याने ५०० सीसीचे तब्बल आठ सिलिंडरचे इंजिन बनवले. वेगात त्याला तोड नव्हती, पण जगज्जेतेपद त्याच्या वाट्याला आले नाही. १९४९ ते १९५७ या काळात कंपनीच्या स्वारांनी २५० आणि ३५० सीसी गटांत आठ जगज्जेतेपदे मिळवली. ती सगळी आडव्या एक सिलिंडरच्या गाड्यांवर. १९५७ च्या हंगामानंतर खर्च झेपेना म्हणून कंपनीने शर्यती थांबवल्या.

रस्त्यावरच्या गाड्यांतही हाच विचार होता. कार्लो यांचे भाऊ जुझेप्पे यांनी मागच्या चाकाला स्प्रिंगचा आधार असलेली चौकट आखली आणि १९२८ मध्ये स्वतः ती गाडी ध्रुवीय वर्तुळापर्यंत चालवत नेली. १९५० मध्ये आलेली ‘फाल्कोने’ इटलीच्या पोलिसांनी वापरली. सरकारी ताफ्यातील गाड्या निरनिराळ्या हातांनी उघडल्या जातात, त्यामुळे सोपी रचना इथे कसाला लागली.

हौशी मालकांना आज काय सोपे, काय अवघड?

मूळ माप अर्धशतक तेच राहिल्याने पिस्टन, रिंगा आणि इतर झिजणारे भाग शोधणे तुलनेने सोपे जाते. तरीही मॉडेल आणि वर्ष न पाहता भाग मागवता येत नाही, कारण माप तेच असले तरी पिस्टनचा आकार आणि व्हॉल्व्हची रचना बदलत गेली. टॅपेटची फट इंजिन थंड असताना तपासणे, मॅग्नेटोचे पॉइंट स्वच्छ ठेवणे, कार्ब्युरेटरचे जेट साफ करणे ही कामे मालक स्वतः करू शकतो.

ऑइलच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. ऑइलची वेगळी टाकी इंजिनाच्या वर, पेट्रोलच्या टाकीखाली असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ऑइल हळूहळू इंजिनाच्या कोठ्यात उतरू शकते. वर टाकी रिकामी दिसली म्हणून आणखी ऑइल ओतणे ही नवख्यांची चूक ठरते. आधी कोठ्यातले ऑइल काढून मग टाकी भरणे योग्य. गाडी सुरू केल्यावर ऑइल टाकीत परत येते आहे ना, हे पाहिल्याशिवाय निघायचे नसते. बाहेरच्या फ्लायव्हीलजवळ सैल कपडे किंवा बोटे नेणे धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

शेवट आणि वारसा…

जोर्जो पारोदी यांचे १९५५ मध्ये निधन झाले. स्वस्त मोटारी आल्या तशी इटलीत मोटारसायकलींची मागणी घसरली आणि कंपनी अडचणीत सापडली. ३ नोव्हेंबर १९६४ रोजी कार्लो गुझी यांचे निधन झाले. १९६७ मध्ये कंपनी संस्थापकांच्या हातून गेली. त्याच वर्षी कार्कानो यांच्या इंजिनावरची व्ही-सेव्हन बाजारात आली. तिचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर डोकावतात, त्यामुळे टाकी न काढता टॅपेटपर्यंत हात पोहोचतो. मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट आहे. आखणी वेगळी असली तरी दुरुस्ती करणाऱ्याचा विचार तोच.

२००४ अखेर मोटो गुझी पियाजिओ समूहाकडे गेली. बारामतीतील कारखान्यामुळे हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. मांदेल्लोतील कारखाना मात्र जागचा हलला नाही. तिथल्या संग्रहालयात बाजारात न आलेली पहिली जी. पी. जपून ठेवलेली आहे. तिच्यातून उतरवलेला डोलारा काच-कपाटात राहिला आणि उरलेले साधे इंजिन लोकांच्या गॅरेजमध्ये पोहोचले. म्हणूनच ते आजही चालू आहे.