व्यापाऱ्याची पत
विल्यम बकिंगहॅम यांचा जन्म अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, लेबनन या गावी १८०४ साली झाला. तरुणपणी त्यांनी नॉर्विच येथे कापडाचे दुकान थाटले. व्यापारात त्यांची पत वाढली. १८५८ साली लोकांनी त्यांना राज्याचे गव्हर्नर निवडले.

१८६१ च्या एप्रिलमध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून देशात यादवी युद्ध पेटले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ७५,००० स्वयंसैनिक मागविले. त्यांना शस्त्रे व वस्त्रे हवी होती. परंतु खर्च मंजूर करणारे विधिमंडळ त्या वेळी भरलेले नव्हते. बकिंगहॅम थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच्या नावावर कर्ज काढून पलटण सज्ज केली. विधिमंडळाने नकार दिला असता, तर तो सारा भार त्यांच्यावरच पडला असता. पुढे तो खर्च मंजूर झाला.

१८७५ साली सिनेटचे सभासद असताना ते निवर्तले. दुकानात मिळविलेली पत त्यांनी देशासाठी पणास लावली होती.