टोनी विल्यम्स

अँथनी टिल्मन विल्यम्स ऊर्फ टोनी विल्यम्स (१२ डिसेंबर, १९४५:शिकागो, इलिनॉय, अमेरिका - २३ फेब्रुवारी, १९९७:डेली सिटी, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन जॅझ ड्रमवादक व संगीतरचनाकार होते. माइल्स डेव्हिस यांच्या १९६०च्या दशकातील पंचकाचे ते ड्रमवादक होते. जॅझ आणि रॉक यांच्या मिलाफातून घडलेल्या फ्यूजन संगीताच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

विल्यम्स यांचे बालपण बॉस्टन येथे गेले. त्यांचे वडील सॅक्सोफोनवादक होते. ॲलन डॉसन यांच्याकडे त्यांनी ड्रमवादनाचे शिक्षण घेतले आणि किशोरवयातच सॅक्सोफोनवादक सॅम रिव्हर्स यांना साथ केली. १९६२च्या अखेरीस जॅकी मॅक्लीन यांच्यामुळे ते न्यू यॉर्कला आले.

माइल्स डेव्हिस यांचे पंचक

मे १९६३मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, विल्यम्स डेव्हिस यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. ज्या क्लबांमध्ये मद्य मिळे, तेथे वादन करण्यास त्यांचे अल्पवय आड येत असे. पियानोवादक हर्बी हॅनकॉक व बासवादक रॉन कार्टर हे तेथे त्यांचे सहकारी होते. १९६४मध्ये सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आल्यावर हे पंचक पूर्ण झाले.

एकल वादकामागे ठेका धरून राहणे एवढेच ड्रमवादकाचे काम विल्यम्स यांनी मानले नाही. चालू लयीवर दुसरी लय चढवणे, गती अकस्मात वाढवणे किंवा वादन मध्येच थांबवणे, अशा मार्गांनी ते रचनेची दिशा बदलत. पायाने वाजवल्या जाणाऱ्या झांजांच्या जोडीचा, म्हणजे हाय-हॅटचा, आघात त्यांनी मात्रांच्या ठरावीक जागांतून मोकळा केला. 'नेफर्टिटी' (१९६७) या शॉर्टर यांच्या रचनेत ट्रम्पेट व सॅक्सोफोन एकच धून पुनःपुन्हा वाजवतात आणि त्याखाली ड्रमवादन सतत बदलत राहते. वाद्यवृंदातील नेहमीची श्रेणी येथे उलटी झालेली दिसते.

लाइफटाइम

१९६९मध्ये डेव्हिस यांच्यापासून वेगळे होऊन विल्यम्स यांनी गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन व ऑर्गनवादक लॅरी यंग यांच्यासह 'लाइफटाइम' हा गट स्थापन केला. त्यांचा 'इमर्जन्सी!' हा अल्बम रॉकसारखा कर्कश व जॅझसारखा मुक्त होता. त्याच्या सदोष ध्वनिमुद्रणावर आणि विल्यम्स यांच्या गायनावर टीका झाली. गटाला व्यावसायिक यश लाभले नाही. पुढील काळात मात्र हा अल्बम फ्यूजनचा आरंभबिंदूंपैकी एक मानला गेला.

रचनाकार

ड्रमवादकाकडे रचनाकार म्हणून पाहण्याची जॅझमध्ये फारशी प्रथा नव्हती. विल्यम्स यांनी मात्र प्रारंभापासून हा अधिकार गृहीत धरला. स्वतःच्या नावाने निघालेल्या 'लाइफ टाइम' (१९६४) या पहिल्या अल्बममधील सर्व रचना त्यांच्याच होत्या. त्यांतील एका रचनेत केवळ पियानो व बास असून विल्यम्स स्वतः वाजवतच नाहीत.

कीर्ती मिळाल्यानंतरही आपले रचनाशास्त्राचे ज्ञान अपुरे आहे असे वाटल्याने, १९८०च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियात रॉबर्ट ग्रीनबर्ग यांच्याकडे त्याचे रीतसर शिक्षण घेतले. त्याचे फलित त्याच दशकात उभारलेल्या त्यांच्या पंचकात दिसते. ट्रम्पेटवादक वॉलेस रोनी व पियानोवादक मलग्र्यू मिलर यांचा समावेश असलेल्या या पंचकासाठी बहुतेक रचना त्यांनी स्वतः केल्या. 'सिस्टर चेरिल' ही त्यांची रचना इतर वादकांनीही स्वीकारली. १९९६च्या 'वाइल्डरनेस' या अल्बमसाठी त्यांनी पूर्ण वाद्यवृंदाकरिता लेखन केले.

पुरस्कार व मृत्यू

'अ ट्रिब्यूट टू माइल्स' या अल्बमसाठी विल्यम्स व त्यांच्या सहवादकांना १९९५मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पित्ताशयावरील शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.